अफिंग्टनच्या शिवेवर पाच दिवस

शुक्रवार

लेक इंग्लंडात स्विंडनला असते. तिच्याकडे दोन महिन्यांसाठी गेलो आणि दहाव्या दिवशी कंटाळलो. तोंडाने बोललो नाही, पण दिवसातून चार वेळा कचऱ्याच्या डब्यांची जागा बदलायला लागलो तेव्हा तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बाबा, लंडन करू या परत?" मी म्हटलं, लंडन झालं. मला एक गाव दाखव. चांगलं चतुःसीमेसकट.

34 वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती गावांच्या शिवा पायाखाली घातल्या याचा हिशेब नाही. माणूस निवृत्त होतो, पण नवीन गावात शिरलं की डोळे पहिल्यांदा बांधाकडे जातात. लेकीने ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी मोजणी खात्याचा 170 नंबरचा नकाशा आणून दिला. 4 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. प्रत्येक कुंपण, प्रत्येक ओढा, आणि हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या पायवाटा, म्हणजे आपल्या पाणंदी. या वाटा कुणाच्याही शेतातून जात असल्या तरी लोकांची वहिवाट कायद्याने राखलेली आहे, शेतकऱ्याला अडवता येत नाही. आमच्याकडे एका पाणंदीपायी तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. तो नकाशा मी दोन रात्री उशाशी घेऊन झोपलो.

नकाशावर अफिंग्टनवर बोट ठेवलं त्याचं कारण तिथल्या गावांचा आकार. डोंगराच्या पायथ्याशी ॲशबरी, कॉम्प्टन बोशाम्प, वूलस्टन, अफिंग्टन, किंग्स्टन लाइल अशी गावं एका ओळीत बसली आहेत आणि त्यांच्या जुन्या शिवा उत्तर-दक्षिण लांबलचक पट्ट्यांसारख्या आहेत. भाकरीचे कापून तुकडे करावेत तशा. ही वाटणी कुणीतरी शहाण्या माणसाने केलेली आहे हे मला घरी बसूनच कळलं.

स्विंडनहून टॅक्सीने अर्धा-पाऊण तास. चालक निघाला गोव्याचा, सासष्टीतला. स्विंडनमध्ये गोंयकार इतके आहेत की बाजारात कोकणी कानावर पडते, तरी टॅक्सीत "तुमी खंयचे?" ऐकल्यावर सौभाग्यवतींनी पर्समधून लगेच मेथीचा लाडू काढला. देवरुख म्हटल्यावर त्याला देवरुख माहीत नव्हतं, पण रत्नागिरी रेल्वेतून रात्री पाहिलेलं होतं. अफिंग्टनला कशाला, त्याने विचारलं. गाव बघायला, मी म्हटलं. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

गावात पोहोचलो तेव्हा दुपारचे चार. ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाईंनी चहा दिला आणि आम्ही लगेच बाहेर पडलो. जुलैत इथे सव्वानऊपर्यंत उजेड असतो.

पहिली गोष्ट दिसली ती भिंती. जुनी घरं पांढरट दगडाची, आणि तो दगड म्हणजे चक्क खडू. फळ्यावर लिहायचा तोच, फक्त चिऱ्याएवढा. बोट घासलं तर बोट पांढरं होतं. इतक्या मऊ दगडाने घर कसं उभं राहतं? नीट पाहिल्यावर उलगडलं. कोपरे आणि दाराखिडक्यांच्या कडा विटांच्या, जोतं कडक दगडाचं किंवा विटांचं, आणि वर गवताचं शाकारलेलं छप्पर चांगलं हातभर पुढे आलेलं. वरून पाणी लागू द्यायचं नाही, खालून ओल चढू द्यायची नाही, मग मधला मऊ दगड कितीही वर्षं टिकतो. जांभ्याच्या घरात जन्म गेलेल्या माणसाला हे नवीन नाही. खाणीतून काढताना सुरीने तासता येतो आणि घराला लागल्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतो तो आमचाही दगड असाच.

संध्याकाळी सेंट मेरी चर्च. या खोऱ्यातले लोक त्याला खोऱ्याचं कॅथीड्रल म्हणतात. तेराव्या शतकातलं, क्रुसाच्या आकाराचं, आणि मधोमध अष्टकोनी मनोरा. मनोऱ्यावर पूर्वी उंच सुळका होता. अठराव्या शतकात वादळात तो कोसळला. पुन्हा सुळका बांधण्याऐवजी लोकांनी मनोराच एक मजला वाढवला. या चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांमध्ये 1930च्या दशकात जॉन बेटजेमन हा कवी होता. तो तेव्हा गावातल्याच एका शेतघरात राहायचा आणि पुढे 1972 मध्ये इंग्लंडचा राजकवी झाला.

पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. बारसं, लग्न, माती, सगळं त्या चर्चमध्ये आणि धान्याचा दशमांश त्या चर्चला. 1894च्या कायद्याने त्याला जोडून नागरी पॅरिशची निवडलेली परिषद आली. आपली ग्रामपंचायत समजा, फक्त अधिकार आपल्यापेक्षा कमी. गावच्या फलकावर परिषदेची नोटीस होती: मैदानातल्या बाकाची दुरुस्ती, कुत्र्यांच्या विष्ठेबद्दल तक्रार, गवत कापण्याचं कंत्राट. ही म्हणाली, "बघा, इथेही गवताचं कंत्राट." मी मुकाट्याने पुढे चालू लागलो. आमच्या आळीतल्या त्या प्रकरणात माझा काही संबंध नव्हता, पण लग्नाला 41 वर्षं झाल्यावर खुलासे करायचे नसतात.

शनिवार

सकाळी डोंगर. गाव समुद्रसपाटीपासून साधारण 100 मीटरवर, माथा 261 मीटरवर. ऑक्सफर्डशरमधला हा सर्वांत उंच बिंदू. सह्याद्रीच्या माणसाने हसू नये. खाली सगळं सपाट असल्यामुळे हा डोंगर आपल्या मापाच्या दुप्पट दिसतो.

हा परगणा 1974 पर्यंत बर्कशरमध्ये होता. एका सरकारी फेररचनेत अख्खा डोंगर ऑक्सफर्डशरला गेला. घरमालकीणबाई अजूनही 'आम्ही बर्कशरचे' म्हणतात. रत्नागिरीतून 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा आमच्या खात्यातले निम्मे नकाशे उचलून द्यावे लागले होते, त्याची आठवण झाली.

गावातून दक्षिणेला निघालो. पायाखाली आधी काळपट चिकण. कालच्या सरीने ती अशी झाली होती की दर दहा पावलांनी बुटाचा तळ खरवडावा लागे. कुरणं, गाई, उंच कुंपणं. जसजसे वूलस्टनकडे चढत गेलो तसतशी माती मोकळी होत गेली आणि एका वळणावर पाण्याचा आवाज आला. डोंगराच्या पोटातून झरा बाहेर पडत होता. काचेसारखं पाणी. इथून पुढे वर पाण्याचा थेंब नाही.

पट्ट्यांसारख्या शिवांचं गणित असं. डोंगर खडूचा. खडू पाणी पितो, त्याच्या अंगावर ओढा टिकत नाही. सगळा पाऊस आत मुरतो आणि खाली चिकण मातीच्या थराने अडला की पायथ्याशी झऱ्यांच्या रांगेने बाहेर येतो. आमचा कातळसडा आठवा: वर रखरखीत, पाणी सगळं जांभ्यातून खाली, आणि वाडी नेहमी सड्याच्या पायथ्याशी जिथे पऱ्या फुटतो तिथे. इथेही गावं त्या झऱ्यांच्या आसपास बसली. मग प्रत्येक गावाला मेंढरांसाठी थोडा डोंगर हवा, नांगरटीसाठी मधली उतरती जमीन हवी, आणि गाईंसाठी खालचं ओलं कुरण हवं. शिवा आडव्या टाकल्या असत्या तर एकाला नुसता डोंगर आणि दुसऱ्याला नुसता चिखल आला असता. म्हणून उभ्या टाकल्या. कोकणात भावाभावांची वाटणी होते तेव्हा मळा, भरड आणि वरकस या तिन्ही प्रकारच्या जमिनीतला प्रत्येकी तुकडा मागतात. साहेब लोक आम्हाला विचारायचे, एकेकाला सलग का देत नाही? अफिंग्टनला आणून दाखवायला हवं होतं.

वर पोहोचल्यावर मी किल्ला बघण्याआधी, उतारावर रेघांनी काढलेला पांढरा घोडा बघण्याआधी जिकडे धावलो ते काँक्रीटच्या खांबाकडे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तो कसला देव?" तो त्रिकोणमितीचा खांब. 1936 पासून ऑर्डनन्स सर्व्हेने सबंध ब्रिटनची फेरमोजणी केली तेव्हा असे हजारो खांब टेकड्यांच्या माथ्यावर उभे केले. कमरेच्या वर येणारा, वर निमुळता, डोक्यावर पितळी तबकडी आणि तिच्यात तीन खोबणी. कोन मोजायचा थिओडोलाइट त्या खोबणीत बसला की दर वेळी नेमका त्याच बिंदूवर. आता उपग्रहांनी मोजणी होते, खांब नुसता उभा आहे. मी तबकडीवर हात ठेवला. आपल्याकडची महात्रिकोणमिती मोजणी 1802 साली मद्रासजवळ ज्याने सुरू केली तो विल्यम लॅम्बटन 1823 साली काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नोकरीत असताना एकदा मुद्दाम जाऊन पाहिली होती. त्याच्या देशात येऊन त्याच्या विद्येचा खांब बघितला, फिटंफाट झाली.

खांबाला लागूनच अफिंग्टन कॅसल. नावाने फसू नका. बुरूज नाही, दरवाजा नाही. गवताने झाकलेला एक मातीचा तट, बाहेर एक खंदक, आत साधारण 3 हेक्टर मोकळं मैदान. लोहयुगातला, ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा. मी तटावरून पूर्ण फेरी मारली आणि सवयीने पाण्याचं टाकं शोधलं. नाही. खडूच्या डोंगरावर ते असणार कुठून? आत घरांच्या खुणाही फारशा मिळालेल्या नाहीत. पाण्याशिवाय गड लढवता येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. इथे लोक राहत नसावेत, जमत असावेत. निदान माझं मत तसं पडलं.

मग घोडा. तटाच्या उत्तरेला डोंगर एकदम खाली तुटतो, आणि त्या उतारावर हिरव्या गवतात पांढऱ्या रेघांनी काढलेला 110 मीटर लांबीचा घोडा. मान लांब, पाय सुटे सुटे, तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं. घोडा म्हणायचा म्हणून म्हणायचा. पण तो धावतो आहे याबद्दल शंका राहत नाही. गंमत अशी की त्याच्याजवळ गेलं की तो दिसतच नाही. पायाशी एक पांढरा पट्टा दिसतो, थोड्या अंतरावर दुसरा, आणि मधे गवत. डोळा तेवढा ओळखू येतो. या डोळ्यावर उभं राहून तीन गिरक्या घेत इच्छा मागायची पूर्वी पद्धत होती. आता आत पाऊल टाकू नका अशी विनंती आहे.

पूर्वी लोक म्हणत, 871 साली डेन लोकांना हरवल्यावर आल्फ्रेड राजाने हा कोरवला. 1990च्या दशकात संशोधकांनी घोड्याच्या तळातली माती काढून तपासली. मातीच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं हे सांगणारी एक पद्धत आहे. उत्तर आलं ख्रिस्तपूर्व 1380 ते 550 यांच्या मधलं. म्हणजे आल्फ्रेडने हा बघितला तेव्हाच तो दीड-दोन हजार वर्षांचा म्हातारा होता. कागदावर त्याचा पहिला उल्लेख 1070च्या दशकातला, ॲबिंग्डन मठाच्या दस्तऐवजांत, आणि तोही डोंगराचं नाव म्हणून: पांढऱ्या घोड्याचा डोंगर. जमिनीच्या कागदात. मला बरं वाटलं.

घोड्याच्या खाली एक खोल कोरडी दरी आहे, कडेला पंख्यासारख्या वळ्या पडलेली. हिमयुगात गोठलेला बर्फ आणि चिखल घसरून त्या वळ्या झाल्या. तिचं इंग्रजी नाव मेंजर, म्हणजे सरळ आपली गव्हाण. चांदण्या रात्री घोडा उतरून इथे चरायला जातो असं सांगतात. पलीकडे ड्रॅगन हिल, माथा तासून सपाट केलेली छोटी टेकडी. सेंट जॉर्जने राक्षसी सर्प इथे मारला, त्याचं रक्त सांडलं तिथे गवत उगवत नाही, अशी समजूत. माथ्यावर खरंच एक टक्कल आहे. येणारा प्रत्येक जण ते टक्कल बघायला त्यावरच उभा राहतो, मग गवत कसं उगवेल?

उतरताना नकाशा हातात असूनही वाट चुकलो. दोन फाटकं ओलांडून गाईंच्या कळपात जाऊन उभे राहिलो. भूकरमापकाची नामुष्की. हिने पाच मिनिटांत वाट काढली, गाईंचं शेण कुठल्या बाजूला ताजं आहे ते पाहून.

रविवार

आजचा दिवस लेकीने तीन आठवडे आधी नोंदवून ठेवला होता आणि आम्हाला सांगितला नव्हता. घोडा साफ करायचा.

आधी हे समजून घ्या की हा घोडा डोंगर नुसता खरवडून काढलेला नाही. रेघांच्या जागी खोल चर खणून त्यात खडू ठोकून भरला आहे. कडेचं गवत सतत आत सरकतं, पावसाने खडू खाली वाहतो. दहा-वीस वर्षं कुणी लक्ष दिलं नाही तर घोडा गवताखाली जाईल. तीन हजार वर्षं तो दिसतो आहे याचा अर्थ तीन हजार वर्षांत एवढा खंड कधी पडलेला नाही. राज्यं बदलली, भाषा बदलली, देव बदलले, आणि दर काही वर्षांनी कुणीतरी कुदळ घेऊन वर चढत राहिलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तर साफसफाईची जत्राच भरायची. कुस्त्या, शर्यती, आणि गव्हाणीच्या उतारावरून चीजचं चाक सोडून त्याच्या मागे पोरांनी धावायचं. 1857ची अशी जत्रा टॉमस ह्यूज या लेखकाने पुस्तकात लिहून ठेवली आहे. तो याच गावात 1822 साली जन्मला, आजोबा इथल्या चर्चचे व्हिकर, म्हणजे धर्मगुरू.

एकदाच घोडा मुद्दाम झाकला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना वरून खूण सापडू नये म्हणून त्यावर गवताची ढेकळं आणि कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या अंथरल्या. युद्ध संपल्यावर उघडला.

आता डोंगर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि दर उन्हाळ्यात स्वयंसेवक हे काम करतात. आम्ही दहा-बारा जण. गुडघ्याखाली घ्यायला जाड पॅड, हातात हातोडा, आणि बादल्यांतून फोडलेला खडू. आम्हाला शेपटी मिळाली, दोन-अडीच मीटरांचा तुकडा. मार्गदर्शक बाईंनी दाखवलं: आधी गवताचं मूळ उपटा, मग खडूचे गोळे पसरा, आणि ठोका. फुटेपर्यंत नाही, पीठ होऊन खालच्या थरात बसेपर्यंत.

मी हातोडा उगारला आणि पहिल्याच घावाला खडूचा तुकडा उडून चष्म्यावर बसला. दुसरा घाव अंगठ्यावर. तोवर ही गुडघ्यांवर बसून कामाला लागली होती. वरून आपटत नव्हती. हातोडा जवळ धरून, छोट्या छोट्या घावांनी, कडेकडून मधे येत होती, आणि दर चार घावांनी तळहात फिरवून बघत होती. तिच्या हाताखाली खडूचा आधी रवा झाला, मग पीठ, मग कालच्या ओलीमुळे ते पीठ गोळा धरायला लागलं आणि शेवटी नुसता घट्ट पांढरा लेप राहिला, बोटाने दाबला तरी न दबणारा. मार्गदर्शक बाई येऊन तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. विचारलं, आधी कधी केलंय? हिला इंग्रजी कामापुरतं येतं. ती म्हणाली, "होम. फ्लोअर." आणि मग मला म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना, आमच्या माहेरचं खळं मी आणि आई दर दिवाळीआधी चोपायचो ते."

आता चोपणं इंग्रजीत कसं सांगायचं? माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने ठोकत ठोकत जमीन घट्ट करायची, मग शेणाने सारवायचं. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. सांगता सांगता माझंच मला कळत गेलं की समोर चाललंय ते हेच आहे. मी दोन दिवस या घोड्याला कोरीव लेणं समजून बघत होतो. हे तर अंगण निघालं. लेणं एकदा कोरलं की माणूस निघून जातो. अंगण दर वर्षी करावं लागतं, आणि त्यासाठी गाव शेजारी असावं लागतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं. अलीकडे लक्षात आलं की घोड्याची मान आणि डोकं बारीक झालं आहे. बाजूचं गवत दर वर्षी बोटबोट आत येत होतं. मग जुनी हवाई छायाचित्रं काढून, मूळ कडा ठरवून गवत मागे हटवलं. मी एवढा खूश झालो की हातोडा खाली ठेवला. शेजाऱ्याने दर पावसाळ्यात बांध वीतभर सरकवायचा आणि वीस वर्षांनी तो जुनाच आहे म्हणायचं, ही माझ्या नोकरीतली निम्मी प्रकरणं. मग जुनं टिपण काढायचं आणि निशाणी ठोकायची. इथे अतिक्रमण करणारं गवत होतं एवढाच फरक, आणि त्याने वकील लावला नव्हता.

एका वाजेपर्यंत आमची शेपटी झाली. हिचा भाग आणि माझा भाग यांतला फरक लांबूनही कळत होता, तो मी इथे सविस्तर लिहीत नाही.

दुपारी गावातलं छोटं संग्रहालय. 1617 सालची एका खोलीची शाळा, खडूच्याच दगडांची. ह्यूजच्या शाळकरी टॉम ब्राउनच्या पुस्तकात ही शाळा येते, म्हणून संग्रहालयाला टॉम ब्राउनचं नाव. शनिवार-रविवारी दुपारीच उघडं असतं. अंगठा ठणकत असल्यामुळे मी लवकर बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर मैदानात क्रिकेट चाललं होतं. खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे इंग्रजी मोजणीतली गंटरची एक साखळी. आमची शंकुसाखळी 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे बरोब्बर अर्धी. गोलंदाज दोन साखळ्यांवरून चेंडू टाकतो हे कुणाला सांगावं, तर ही आत होती.

सोमवार

आज शिवेबाहेर. डोंगरमाथ्यावरून रिजवे नावाची वाट जाते. खालच्या चिखलात पाय रुतू लागले की लोक कोरड्या खडूवरून चालत, तेव्हापासूनची. 1973 साली तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला, 139 किलोमीटर. आम्ही त्यातले दोन चाललो. दोन्हीकडे गव्हाची शेतं, वर चंडोल, आणि पायाखाली पांढरा रस्ता. ऊन पडलं की डोळे दिपतात, पाऊस पडला की साबणावरून चालल्यासारखं. आज ऊन होतं.

वाटेत नकाशावर ठिपक्यांची रेघ ओलांडली. अफिंग्टन संपलं. जमिनीवर काही दिसत नाही, पण मी थांबलो. पूर्वी इकडच्या गावांत वर्षातून एकदा सगळे शीव फिरायचे आणि हद्दीच्या दगडाशी आले की बरोबरच्या पोरांना फटके द्यायचे किंवा दगडावर आपटायचे. उद्देश असा की म्हातारपणी साक्षीला उभं राहिल्यावर जागा विसरू नये. मोजणी शुल्कापेक्षा स्वस्त.

बीच जातीच्या उंच झाडांच्या घोळक्यात वेलँड्स स्मिदी. शीव ॲशबरीची. दगडांची जुनी समाधी, साडेपाच हजार वर्षांची. पुढच्या बाजूला माणसापेक्षा उंच राखाडी शिळा, मागे मातीचा 56 मीटर लांब ढिगारा. 1962-63 साली उत्खनन झालं तेव्हा कळलं की आत आणखी एक जुनी समाधी आहे, 14 जणांच्या अस्थींची. नंतर आलेल्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं की हे वेलँड नावाच्या देव-लोहाराचं भट्टीघर. घोडा बांधून ठेवा, दगडावर नाणं ठेवा, मागे वळून बघू नका. सकाळी नाल ठोकलेली असते. आजही शिळांच्या फटींत नाणी खोचलेली दिसतात.

या जागेचं हे नाव पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं ते 955 सालच्या एका दानपत्रात. कुठल्या कथेत, काव्यात नाही. जमिनीच्या चतुःसीमा सांगताना, इथून खंदकापर्यंत, तिथून लोहाराच्या भट्टीपर्यंत, अशा चालीच्या वर्णनात. अमुक आंब्यापासून ओहोळापर्यंत, तसंच. ते लिहिणारा कारकून कुणी असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. हिने दहा पेन्सचं नाणं ठेवलं. मी विचारलं, घोडा कुठाय आपल्याकडे? म्हणाली, "तुमच्या गुडघ्यासाठी ठेवलं."

परतताना किंग्स्टन लाइलचा शंखदगड घाईत पाहिला. भोकं पडलेली शिळा, नीट फुंकली तर शिंगासारखी वाजते. आल्फ्रेडने सैन्य गोळा करायला वाजवली म्हणतात. मी फुंकली. आतून एक कोळी बाहेर आला.

मंगळवार

तोच गोंयकार न्यायला आला. निघताना घरमालकीणबाईंनी खडूचा एक तुकडा दिला, त्यांच्या बागेत निघालेला. हिने तो लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवला.

गावाबाहेर उत्तरेला रेल्वेचा पूल लागला. ब्रुनेल या इंजिनिअरची लंडनहून येणारी लाइन 1840 पासून या खोऱ्यातून जाते. अफिंग्टनला पूर्वी स्टेशन होतं, 1964 मध्ये बंद झालं. त्याच्याही आधीचा कालवा 1914 साली सोडून दिला, आता झाडीत एक लांब खळगा उरला आहे. चालकाला म्हटलं, जरा थांबव.

मागे वळून पाहिलं. साडेतीन-चार किलोमीटरवर डोंगर, आणि त्यावर घोडा. जवळून जो कधीच पुरा दिसला नाही तो इथून एका नजरेत, चोचीपासून शेपटीपर्यंत. चालक उतरून शेजारी उभा राहिला. सहा वर्षं या रस्त्याने जातोय, म्हणाला, मला वाटायचं कुणा कंपनीची जाहिरात आहे.

हिने त्याला बोटाने दाखवलं. डावीकडे, मागे, तो शेवटचा तुकडा दिसतो ना, तो आम्ही केला.

त्याने मोबाइल काढला, आईला पाठवायला फोटो घेतला, पडद्यावर दोन बोटांनी मोठा करत करत गेला. घोडा फुटून नुसते पांढरे-हिरवे चौकोन उरले.

"हांगा शेंपडी खंय?" त्याने विचारलं.